पुरानंतरची आरोग्य-नोंद: फुकट मिळणारी सरकारी साधनं कृष्णाकाठी किती उपयोगी?

आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ वर गेलं की धोका, हे सांगलीत शाळकरी पोरालाही पाठ असतं. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा ५७ फुटांच्या पुढे गेली, जुलै २०२१ मध्ये ५५ च्या आसपास. दोन्ही वेळा पंचनामे झाले आणि सानुग्रह अनुदानाच्या याद्या लागल्या. पंचनामा घराचा, गोठ्याचा, पिकाचा असतो. त्या घरातली कोणती व्यक्ती किती खोल पाण्यात किती दिवस होती आणि तिची रक्तदाबाची गोळी किती दिवस चुकली, हे त्यात नसतं. दहा वर्षांनी कुणी विचारलं, की पुरात सापडलेल्यांना हृदयाचे, फुप्फुसाचे, मनाचे आजार जास्त झाले का, तर उत्तर द्यायला आधार याच नोंदीचा लागतो आणि ती पहिल्या काही आठवड्यांतच घ्यावी लागते.

अशी नोंद घेण्याची तीन साधनं अमेरिकी सरकारने स्वतःच्या खर्चाने तयार करून सगळ्यांना फुकट दिली आहेत. पहिलं सीडीसी या तिथल्या रोगनियंत्रण संस्थेचं ‘कॅस्पर’ हे घरोघरच्या जलद पाहणीचं पुस्तक. दुसरं एटीएसडीआर या विषारी पदार्थांवर काम करणाऱ्या संस्थेचं ‘रॅपिड रिस्पॉन्स रजिस्ट्री’, म्हणजे आपत्तीत सापडलेल्यांची नावनिशीवार नोंद करायचा फॉर्म. तिसरं ‘डीआर-टू’, पर्यावरण आणि आरोग्यावर काम करणाऱ्या एनआयईएचएस या संस्थेने उभं केलेलं प्रश्नावल्या आणि प्रोटोकॉलचं भांडार. खाली पाहिलं आहे ते एवढंच, की गावभाग, सांगलवाडी, हरिपूर, भिलवडी अशा ठिकाणी ही साधनं चालतात का आणि कुठे अडतात. वापरणारे म्हणून डोळ्यांसमोर आहेत वैद्यकीय महाविद्यालयांचे पीएसएम (जनआरोग्य) विभाग, जिल्हा परिषदेचा आरोग्य विभाग आणि तालुका आरोग्य अधिकारी.

सुरुवात कॅस्परपासून, कारण तिन्हींत सर्वांत नीट लिहिलेलं तेच आहे. मूळ पद्धत आपल्या आरोग्य खात्याला नवी नाही. लसीकरण किती झालं हे मोजायला जागतिक आरोग्य संघटनेने वापरात आणलेली ३० समूह आणि प्रत्येकी ७ ची पद्धत, तीच इथे आपत्तीसाठी वळवली आहे. बाधित भागाचे छोटे तुकडे करायचे, घरांच्या संख्येच्या प्रमाणात त्यातले ३० निवडायचे आणि प्रत्येक तुकड्यात ७ घरं, म्हणजे एकूण २१० मुलाखती. दोघादोघांच्या जोड्या असतात, प्रश्नावली दोन पानांची आणि उत्तर देणारी घरातली कुणीही सज्ञान व्यक्ती. एखादं घर बंद असेल तर तीन वेळा जाऊन पाहायचं, मगच पुढचं घर धरायचं. दहा-पंधरा जोड्या असल्या तर दोन-तीन दिवसांत काम उरकतं आणि पुढच्या दोन दिवसांत कलेक्टर कचेरीत आकडे देता येतात. पुस्तकात नमुना प्रश्न, घरांच्या मागोव्याचा तक्ता आणि तातडीची मदत लागणाऱ्याला पुढे पाठवायची चिठ्ठी असं सगळं तयार आहे.

पहिली अडचण ३० तुकडे पाडतानाच येते. अमेरिकेत हे तुकडे जनगणनेच्या ब्लॉकवरून तयार मिळतात. आपल्याकडे हाताशी असलेली घरांची गणना २०११ ची, आणि तेवढ्या वर्षांत शामरावनगर किंवा कर्नाळ रोडच्या आसपास किती घरं वाढली हे फिरून पाहिलं तरी कळतं. ही जुनी गणना निवडीची चौकट, म्हणजे ज्यातून घरं निवडायची ती यादी, म्हणून वापरली तर नवीन, सखल, गुंठेवारीतली घरं नमुन्यात कमी येतात, म्हणजे नेमकी जिथे पाणी आधी शिरतं तीच. मतदार यादीचे भाग वापरणं जास्त सोयीचं पडतं. हद्द ठरलेली असते, यादी दर वर्षी सुधारली जाते आणि बीएलओला, म्हणजे त्या भागाची यादी सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याला, गल्ली-बोळ माहीत असतो. मात्र मतदारांची संख्या म्हणजे घरांची संख्या नव्हे. एका भागातली घरं निवडीच्या आधी मोजून घ्यावी लागतात, आणि यादीत नाव नसलेले भाडेकरू, एमआयडीसीतले परप्रांतीय कामगार त्या मोजणीत मुद्दाम धरावे लागतात. ग्रामीण भागात ग्रामपंचायतीचं नमुना नंबर ८ हे घरपट्टी आकारणीचं रजिस्टर सगळ्यांत कामाचं. त्यातला मालमत्ता क्रमांकच घराचा ओळख क्रमांक म्हणून वापरला, तर पाच वर्षांनी ते घर पुन्हा सापडतं. शेतातल्या वस्त्या मात्र त्यात अर्धवट असतात, तिथे आशाताईंच्या वहीला पर्याय नाही.

पंचनाम्याची यादी निवडीची चौकट म्हणून वापरायचा मोह होतो. ती वापरू नये. त्या यादीत नुकसान झालेलेच असतात. पाणी उंबऱ्यापर्यंत येऊन थांबलेलं घर किंवा दुसऱ्या मजल्यावर अडकून राहिलेलं कुटुंब त्यातून सुटतं. तुलनेसाठी नेमकी हीच माणसं लागतात.

सात घरं निवडताना पुस्तक सांगतं, की तुकड्यातल्या घरांना ७ ने भागा आणि येईल तो अंतराल धरून चाला. ८४ घरं असतील तर दर बारावं घर. गावभागात हे सरळ चालत नाही. एका वाड्यात चार चुली असतात, दार एकच असतं आणि वरच्या माळ्यावरचं कुटुंब मागच्या जिन्याने येतं-जातं. घर म्हणजे दार धरलं की भाडेकरू निसटतात. चूल धरली तर मोजणी वाढते, पण खरी होते. चूलच धरावी आणि ते पहिल्या दिवशी सगळ्या जोड्यांना बजावून सांगावं. अर्ध्या जोड्यांनी दार धरलं आणि अर्ध्यांनी चूल, तर पुढचं सगळं वजनाचं गणित बिघडतं.

वजन म्हणजे मुलाखत झालेलं एक घर चौकटीतल्या किती घरांच्या वतीने बोलतं तो आकडा. त्याचं गणित असं. चौकटीतली एकूण घरं भागिले (त्या तुकड्यात झालेल्या मुलाखती गुणिले ३०). समजा पूररेषेतल्या निवडलेल्या भागात १२,००० घरं आहेत. एका तुकड्यात सातही मुलाखती झाल्या तर तिथल्या प्रत्येक घराचं वजन ५७.१. पाचच झाल्या तर ८०. हे वजन न लावता सरळ टक्केवारी काढणं ही नेहमीची चूक, आणि ती अहवालात दिसत नाही म्हणून जास्त वाईट. सोबत तीन दर द्यावे लागतात. २१० पैकी पूर्ण झालेल्या मुलाखतींचा दर किमान ८० टक्के, म्हणजे १६८ मुलाखती, असावा. दार उघडलेल्यांपैकी किती जणांनी माहिती दिली हा दुसरा, आणि ज्या ज्या दारी गेलो त्यापैकी किती ठिकाणी मुलाखत झाली हा तिसरा. सांगलीत दुसरा दर सहसा चांगला असतो, लोक चहा देऊन माहिती देतात. मार बसतो तिसऱ्याला, कारण पाणी ओसरल्यावर महिनाभर लोक पै-पाहुण्यांकडे राहतात आणि घराला कुलूप असतं. दुपारी बारा ते चार जाणं वाया. सकाळी घर धुवायला माणसं येतात तेव्हा किंवा दिवेलागणीला जावं.

२१० मुलाखतींतून किती बारीक उत्तर मिळतं, याबद्दल गैरसमज फार. एखाद्या गोष्टीचं प्रमाण ५० टक्के असेल आणि एकाच गल्लीतली घरं एकसारखी असल्यामुळे नमुन्याची ताकद निम्मी झाली असं धरलं, तर खरा आकडा सुमारे ४० ते ६० च्या मध्ये कुठेही असू शकतो. जिल्ह्याला किंवा शहराला हे पुरतं. वॉर्डावॉर्डाची तुलना यातून कुणी काढून दाखवली तर ती मान्य करू नये. सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यात तर पद्धतच अपुरी पडते. जुलै २०२१ मध्ये आंबेघर, मीरगाव, ढोकावळे इथे दरडी कोसळल्या. अशा डोंगरातल्या वाडीत कधी कधी सात घरंही नसतात. तिथे नमुना न काढता सगळ्याच घरांत जायचं असतं.

पण कॅस्परची खरी मर्यादा वेगळीच आहे आणि ती पुस्तकाचा दोष नाही. ही पाहणी ‘आज काय हवं’ एवढंच विचारते: पाणी, औषध, वीज, घरात आजारी कोण. ती घराच्या पातळीवर असते आणि नावं घेत नाही. नावं न घेतल्यामुळे लोक मोकळं बोलतात आणि मंजुरीही लवकर मिळते, पण त्याच कारणाने पाच वर्षांनी ती माणसं पुन्हा गाठता येत नाहीत. कॅस्पर करून ‘दीर्घकालीन अभ्यासाचा पाया घातला’ असं म्हणणारा अहवाल दिसला तर बाजूला ठेवावा. याला चार पैकी तीन तारे, तेही पहिल्या पंधरवड्यापुरते.

दीर्घकालीन अभ्यासाचं बी रॅपिड रिस्पॉन्स रजिस्ट्रीच्या फॉर्ममध्ये आहे. नाव, संपर्क, त्या वेळी कुठे होतात, कशाच्या संपर्कात आलात, लगेच काय त्रास झाला, आता काय हवं आहे, बस्स. रासायनिक गळती डोळ्यांसमोर ठेवून केलेला असल्याने मूळ रूपात तो पुराला बेतशीर बसत नाही, पण थोडी काटछाट आणि भर घातली की तिन्ही साधनांत सर्वांत किमती हाच ठरतो.

भर काय घालायची, ते सविस्तर सांगायला हवं. आधी पाण्याची खोली. ‘किती पाणी आलं होतं’ असं विचारलं तर ‘छातीएवढं’ असं उत्तर येतं, आणि छाती कुणाची हा प्रश्न उरतो. शिवाय पाहणीचा संबंध अनुदानाशी आहे असं वाटलं तर पाणी आपोआप वाढतं. त्यामुळे विचारू नये, मोजावं. भिंतीवर गाळाची रेघ असते. टेप लावून दोन मापं घ्यायची: आतल्या फरशीपासून रेघेपर्यंत आणि बाहेरच्या रस्त्यापासून रेघेपर्यंत. दुसऱ्या मापामुळे जोत्याची उंची कळते आणि शेजारच्या घराशी ताळा बसतो. फोटोत टेप दिसला पाहिजे. हे सगळं दिवाळीच्या आत. दिवाळीला घराला रंग लागतो आणि रेघ जाते. एकाच गल्लीत जुनी २०१९ ची आणि नवीन अशा दोन रेघा असतील तर दोन्ही नोंदवाव्यात, पुन्हा पुन्हा पुरात सापडणं हाच स्वतंत्र प्रश्न आहे.

खोली घराची असते, संपर्क माणसाचा. म्हणून प्रत्येकाला वेगळं विचारायचं: स्वतः पाण्यातून किती वेळ चाललात, किती रात्री निवारा केंद्रात काढल्या, बोटीने बाहेर पडलात का, जवळचं कुणी दगावलं का, जनावरं गेली का, गाळ काढायला किती दिवस लागले आणि तेव्हा पायात काय होतं, हातापायाला जखम होती का. डॉक्सिसायक्लिन ही प्रतिजैविकाची गोळी घेतली असेल तर किती डोस. लेप्टो (पुराच्या घाण पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस) होऊ नये म्हणून प्रौढांना २०० मिलिग्रॅम आठवड्यातून एकदा असते, पण एक गोळी खाऊन बाकीच्या कोनाड्यात ठेवणारे पुष्कळ. ‘गोळ्या मिळाल्या का’ आणि ‘किती खाल्ल्या’ हे दोन वेगळे प्रश्न ठेवावेत. तसंच रक्तदाब, साखर, दमा, फिट यांची रोजची औषधं किती दिवस चुकली. पुरानंतर वर्षभराने होणाऱ्या लकव्याचं मूळ गढूळ पाण्यापेक्षा या चुकलेल्या गोळ्यांत असण्याची शक्यता जास्त.

सांगलीसाठी एक प्रश्न कोणत्याही परदेशी फॉर्ममध्ये सापडणार नाही: द्राक्षबागेत औषध मारायला जाता का, वर्षातून किती वेळा, तोंडाला काही बांधता का. तासगाव, मिरज, पलूस या पट्ट्यात हे विचारलं नाही, तर दहा वर्षांनी दिसणारा दमा ओल्या भिंतीच्या बुरशीचा की फवारणीचा, हे कधीच सांगता येणार नाही. तंबाखू-मिश्री आणि चुलीचा धूर यांचेही प्रश्न त्याच कारणासाठी.

मग पत्ता. तीन मोबाईल नंबर घ्यावेत: स्वतःचा, गावातच राहणाऱ्या भाऊबंदांपैकी एकाचा आणि बाहेरगावी स्थायिक झालेल्या नातेवाइकाचा. घरातला एकच नंबर पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाचा असतो आणि तो दोन वर्षांत बदलतो. बायकांच्या बाबतीत माहेरचं गाव आणि माहेरचं नाव घ्यावं. लग्नाआधीच्या मुलींचा माग इथेच तुटतो. आभा क्रमांक (सरकारी आरोग्य खात्याचा क्रमांक) दिला तर घ्यावा, आग्रह नको. आधार मागूच नये. माग किती महत्त्वाचा ते साध्या हिशेबाने कळतं: दर वर्षी फक्त ५ टक्के माणसं हातातून सुटली, तरी दहा वर्षांनी हजारातली ५९९ उरतात. आणि सुटणारी माणसं सहसा सर्वांत जास्त हाल झालेलीच असतात, ज्यांनी गाव सोडलं ती.

याची उदाहरणं डोळ्यांसमोर आहेत. न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटर आरोग्य नोंदणीत ७१,४३१ माणसं आहेत आणि तिच्यातून वर्षानुवर्षं दमा आणि मानसिक आघातावर ठोस माहिती निघाली, पण नावनोंदणी सुरू झाली ती २००३ मध्ये, सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यात मनोरे कोसळल्यानंतर दोन वर्षांनी. त्यामुळे धुळीत किती वेळ होतो हे सगळं आठवणीवर. भोपाळमध्ये १९८४ नंतर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने (आयसीएमआर) सरकारी खर्चाने मोठा गट धरून अभ्यास सुरू केला, आणि वायूची तीव्रता मोजलेली नसल्याने वस्त्यांची वर्गवारी तिथल्या मृत्यूंच्या प्रमाणावरून करावी लागली. त्या मानाने पूर हा सोपा शत्रू. तो भिंतीवर स्वतःचं माप लिहून जातो. ते टिपलं नाही तर तो आळस म्हणायचा.

तुलनेचा गट आधीच ठरवावा लागतो. नेहमीची चूक म्हणजे बाधित गाव विरुद्ध लांबचं जत किंवा आटपाडीचं कोरडं गाव. तिथलं पाणी, शेती, खाणं, दवाखान्याचं अंतर, सगळंच वेगळं. त्याच गावातली उंचावरची, लाल पूररेषेबाहेरची घरं घ्यावीत. ‘पुरात सापडतो तो गरीब’ हे गृहीतही इथे आपोआप लागू पडत नाही. गावभागातल्या आणि बाजारपेठेतल्या जुन्या व्यापाऱ्यांच्या घरात पाणी येतं, तसंच सूर्यवंशी प्लॉट आणि इनामदार प्लॉटमध्येही येतं. उत्पन्न विचारून नोंदवावं, पत्त्यावरून ओळखू नये.

रक्तदाब घ्यायचा असेल तर निवारा केंद्रातल्या आकड्याला फार महत्त्व देऊ नये. झोप नाही, गोळी नाही, मीठ जास्त, त्यामुळे तो चढलेलाच मिळतो. पाच मिनिटं बसवून तीनदा घ्यावा, पहिला सोडून उरलेल्या दोन्हींची सरासरी लिहावी आणि दोन-तीन महिन्यांनी घरी जाऊन पुन्हा घ्यावा. अभ्यासात आधाररेघ, म्हणजे पुढच्या तुलनेचं मूळ माप, म्हणून घरचा आकडा धरावा, निवारा केंद्रातला उपचारासाठी.

राहिलं डीआर-टू. शेकडो प्रश्नावल्या एकाच जागी, विषयवार गाळून पाहता येतात. रक्त-लघवीचे नमुने आणि फुप्फुसांची तपासणी कशी करायची याचा ‘रॅपिड’ नावाचा तयार प्रोटोकॉलही मिळतो. पण हे दुकान पिशवी न भरता बाहेर पडण्याचं आहे. चार प्रश्नावल्या जोडल्या की मुलाखत सव्वा तासावर जाते, आणि गाळ काढणारा माणूस सव्वा तास देत नाही. फुकुशिमा प्रांताने २०११ नंतर सुमारे २० लाख रहिवाशांना अणुदुर्घटनेनंतरच्या दिवसांत कुठे होतात, काय करत होतात हे तपशिलात भरून द्यायला सांगितलं. प्रतिसाद आला सुमारे २७ टक्के. पुरासाठी पहिली भेट वीस मिनिटांच्या आत बसवावी, बाकीचं पुढच्या भेटीला.

मानसिक आरोग्याच्या प्रश्नावल्या तर पहिल्या भेटीत नकोतच. पीसीएल-५ या मानसिक आघाताच्या प्रश्नावलीचे वीस प्रश्न मागच्या महिन्याभराबद्दल असतात. पाणी ओसरून दहा दिवस झालेल्या माणसाला ते विचारले तर जवळजवळ सगळेच आजारी ठरतात. तीन आणि बारा महिन्यांनी विचारावेत. पीएचक्यू-९ या नैराश्याच्या प्रश्नावलीतला नववा प्रश्न जीव नकोसा वाटण्याबद्दल आहे. उत्तर ‘हो’ आलं तर त्याच क्षणी काय करायचं हे ठरलेलं नसेल, तर ती प्रश्नावली वापरू नये. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आणि जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागाची वेळ प्रत्येक जोडीच्या खिशात हवी. सासूसमोर सुनेला हे प्रश्न विचारून मिळालेली उत्तरं तशीही कामाची नसतात. जोडीत एक बाई असावी आणि तिने परड्यात बसून विचारावं.

भांडार म्हणून चांगलं, पण नवख्याच्या हाती देऊ नये. दोन तारे.

तिन्ही साधनं इंग्रजीत आणि कागदावर छापायच्या बेताने केलेली आहेत. कोबो टूलबॉक्स या मोबाईलवर फॉर्म भरायच्या साधनात चढवली तर देवनागरीत, नेटवर्क नसतानाही चालतात. जीपीएसची अचूकता दहा मीटरच्या आत आल्याशिवाय फॉर्म पुढे जाणार नाही अशी अट मात्र वाड्यांच्या दाटीत काढून टाकावी लागते, नाहीतर जोडी दारात पंधरा मिनिटं मोबाईल वर धरून उभी राहते. पॉवर बँक, झिप पिशवी, गमबूट आणि पाहणी करणाऱ्यांसाठीसुद्धा डॉक्सिसायक्लिन, हे खर्चात आधीच धरावं.

मंजुरीचं वेळापत्रक मात्र कोणतंच पुस्तक आपल्यासाठी सांगत नाही. आयसीएमआरच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांमध्ये आपत्तीतल्या संशोधनावर वेगळं प्रकरण आहे. पाणी वाढायला लागल्यावर नैतिक समितीकडे अर्ज केला तर मंजुरी येईपर्यंत भिंतीवरची रेघ गेलेली असते. म्हणून प्रोटोकॉल, मराठी संमतीपत्र आणि फॉर्म मे महिन्यातच समितीसमोर ठेवावेत, फक्त गावांची नावं आणि तारखा रिकाम्या सोडून. संमतीपत्रात दोन वाक्यं ठळक हवीत: या माहितीचा अनुदानाशी काही संबंध नाही, आणि पुढच्या वर्षांत आम्ही पुन्हा संपर्क करू, तेव्हा नाही म्हणायचा हक्क तुमचा आहे. नावांची फाईल आणि आजारांची फाईल वेगळी, दोन्हींना जोडणारा क्रमांक तिसऱ्या जागी. ही किल्ली कुणा एका प्राध्यापकाच्या लॅपटॉपवर ठेवू नये. त्यांची बदली होते, लॅपटॉप त्यांच्यासोबत जातो आणि अभ्यास तिथेच संपतो. ती विभागाच्या नावावर, नोंद करून, कुलपात असावी आणि बदलीच्या वेळी चार्ज देण्याच्या यादीत तिचा स्वतंत्र अनुक्रमांक असावा.